लाकडी रायफल

आमच्या अक्कांनी आयुष्यात एकही वस्तू चुकीची विकत घेतलेली नाही. हे मी कुठंही, कुणाहीसमोर छातीठोक सांगेन. याचं अर्धं कारण असं की त्यांच्याएवढी पारख आख्ख्या सोलापूर जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला नसेल, आणि उरलेलं अर्धं असं की त्यांची पारख संपेपर्यंत ती वस्तू बाजारात येणंच बंद झालेलं असतं. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंद. माझ्या माहेरी, केमला, नणंदेला वन्सं म्हणतात. पण लग्न होऊन या घरात आले त्याच दिवशी मला सांगण्यात आलं की हितं सासूला अव्वा म्हणायचं आणि नणंदेला अक्का, कारण मंडळी मूळची दुधनीची. बोलतात मराठीत आणि भांडतात कानडीत. सासरे लवकर गेले. आमचे हे तेव्हा शाळेत होते. अक्का टॉवेलच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर जाऊन बसल्या त्या थेट निवृत्तीच्या दिवशीच उठल्या. मधल्या काळात लग्नाचं राहून गेलं. समोरून कापड सरकतंय आणि आपण त्यावरून उजव्या हाताचा अंगठा फिरवायचा, दोरा तुटला असेल तिथं खडूची खूण करायची, एवढंच काम. पण ते छत्तीस वर्षं केलेलं. त्यामुळं आजही अक्का कुठल्याही वस्तूवरून आधी अंगठा फिरवतात. वांग्यावरून फिरवतात, ताटलीवरून फिरवतात, लग्नपत्रिकेवरून फिरवतात. एकदा तर त्यांनी डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपवरून फिरवला होता.

मला बघायला आल्या तेव्हाची गोष्ट. मी पोह्यांचा ट्रे ठेवून खाली मान घालून बसले होते. बाकीचे सगळे माझ्याकडं बघत होते, अक्का माझ्या पदराकडं. बऱ्याच वेळानं त्यांनी पदराचं टोक हातात घेतलं, अंगठा फिरवला आणि माझ्या वडिलांना म्हणाल्या, “पोरगी बरी हाय. साडी तेवढी बदलून घ्या, पदरात एक दोरा निसटलाय.” माझी आई स्थळ मोडलं असं समजून आत जाऊन रडायला लागली. पाहुणे गेल्यावर मी ती साडी उन्हात धरून तासभर शोधत बसले, तेव्हा कुठं तो दोरा सापडला. केसाएवढा. त्या दिवसापासून मी या बाईंना घाबरते, आणि मानतेही.

मी स्वतः जन्माची उतावळी. चप्पल बघितली की घातली, भाजीवाल्यानं भाव सांगितला की पिशवी उघडली. आणि अशा माझ्या संसाराला ही नणंद. आमचा जुना कुकर फुटला तेव्हा नवा ठरवायला अक्कांना सात महिने लागले. कुठल्या कंपनीची शिट्टी कशी वाजते ते ऐकायला त्या ओळखीपाळखीच्या घरी ऐन स्वयंपाकाच्या वेळी जाऊन बसायच्या. सात महिने आम्ही डाळ पातेल्यात शिजवली. आणि मोठ्या वस्तूंसाठी तर त्यांचा खास नियम होता. मोठी वस्तू घरात आणायची तर आधी तिच्या मापाची खोटी वस्तू आणायची आणि तिच्याबरोबर राहून बघायचं. फ्रिज घ्यायचं ठरलं तेव्हा सात रस्ता चौकातल्या एका दुकानातून त्यांनी फ्रिजचं रिकामं खोकं मागून आणलं, एका बाजूनं कापून त्याला दार केलं आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभं केलं. दीड महिना आम्ही दूध गॅसवरून उतरवून खोक्यात ठेवत होतो आणि ते रीतसर नासत होतं. खोक्याचं दार उघडं राहिलं की अक्का माजघरातून ओरडायच्या, गारवा जातोय की. आमचे हे एकदा वळताना त्याला धडकले तर चक्क ‘सॉरी’ म्हणाले. मी डोक्याला हात लावून बसायचे. पण शेवटी काय झालं, तर त्या कोपऱ्यात फ्रिजचं दार उजवीकडं उघडलं की बरोबर अव्वांच्या पाटावर आपटतं, हे त्या खोक्यामुळं कळलं. फ्रिज दुसऱ्या कोपऱ्यात गेला आणि अव्वांचा गुडघा वाचला. असं प्रत्येक वेळी व्हायचं. आम्ही हसायचो, आणि अक्का बरोबर निघायच्या.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात फार उशिरा आली, याची मला आज लाज वाटते. कुकर घराचा, फ्रिज घराचा, ह्यांची सायकल, माझं शिलाईचं मशीन, अव्वांचा चष्मा, लेकीचं दप्तर, सगळं अक्कांनी पारखून आणलं. अक्कांनी अक्कांसाठी काय आणलं, असं कुणी विचारलं असतं तर मला एकही वस्तू सांगता आली नसती. त्यांच्या साड्यासुद्धा कारखान्यातून निरोपाला मिळालेल्या. त्यामुळं साठीला टेकलेल्या या बाईंनी स्वतःसाठी पहिल्यांदा काय मागावं, तर रायफल.

झालं असं. निवृत्तीनंतरच्या उन्हाळ्यात आमच्या लेकीचं नाव नेमबाजीच्या शिबिरात घातलं होतं आणि तिला सोडायला-आणायला अक्का जात. मागच्या बाकावर बसून त्या मुकाट्यानं बघायच्या. पाचव्या दिवशी त्या उठल्या आणि शिकवणाऱ्या सरांना म्हणाल्या की तीन नंबरचा नेमाचा कागद तिरपा लागलाय. सरांनी पट्टी लावून बघितली. दोराभर तिरपा होता. सरांनी गमतीनं छऱ्याची रायफल त्यांच्या हातात दिली, आणि अक्कांनी पहिल्याच दिवशी दहा छऱ्यांत असं काही केलं की सर तो कागद घेऊन बराच वेळ उन्हात उभे राहिले. आमची लेक आठव्या दिवशी कंटाळली. अक्का मात्र जात राहिल्या. वर्षभरात आजूबाजूच्या पोराटोरांना ‘अक्का शंभरात किती मारतात’ हे पाठ झालं. तरी त्यांचं समाधान होईना. त्यांचं म्हणणं, धा मीटरवरनं तर मी दोऱ्याची गाठ बघती, त्यात काय मारायचं? लांबचं काय हाय ते सांगा. सरांनी सांगितलं की लांबचं म्हणजे तीनशे मीटर, पण तिथं एकदम जाता येत नाही. आधी पन्नास मीटर, पालथं झोपून, उघड्यावर. तिथं वारा वाचायला शिकायचं. त्यासाठी पॉइंट टू-टूची, म्हणजे छऱ्याची नव्हे, खऱ्या गोळीची, स्वतःची रायफल लागते, आणि ती अंगाच्या मापाची लागते. पहिली रायफल चुकली तर अंगाला चुकीच्या सवयी लागतात आणि त्या मोडण्यात वर्षं जातात. हे शेवटचं वाक्य अक्कांनी नीट ऐकून घेतलं. घरी आल्यावर मला म्हणाल्या, “माझ्याकडं वर्षं कुटं हायत? एकच घेणार, ती बरोबरच घेणार.”

मग लायसन्सचे हेलपाटे सुरू झाले. क्लबाचं पत्र, डॉक्टरांचा दाखला, चौकशी, मुलाखत. मुलाखतीत साहेबांनी विचारलं की बाई, तुमच्या जिवाला कुणापासून धोका आहे का? अक्का म्हणाल्या, “न्हाय. कागदाला हाय.” साहेब हसले की चिडले ते कळलं नाही, पण पुढं वर्षभरात लायसन्स आलं. तोवर अक्का काही हातावर हात ठेवून बसल्या नव्हत्या. नियम तो नियम. आधी खोटी, मग खरी. त्यांनी ओळखीच्या सुताराला बोलावलं आणि लाकडाची रायफल करायला घातली.

ती रायफल बनताना मी बघितली आहे आणि त्या सुताराचा संयम मी देवाकडं मागितला आहे. खांद्याला टेकतो तो भाग त्यांनी अकरा वेळा तासून घेतला. गाल टेकवायच्या पट्टीची उंची कमी-जास्त करता यावी म्हणून खाली पुठ्ठे घातले. खऱ्या रायफलीला गोळी भरायला उजव्या बाजूला बोल्ट असतो, तो हवाच म्हणून न्हाणीघराच्या दाराची कडी काढून तिथं ठोकली, आणि आम्ही कित्येक महिने बादली आड लावून अंघोळी केल्या. वजनाचा प्रश्न आला तेव्हा सुतार म्हणाला, शिशाचे तुकडे लावू. अक्का म्हणाल्या नको, हळूहळू वाढवायचंय. मग दर आठवड्याला शेंगाचटणीचं अर्ध्या किलोचं एक पाकीट सुतळीनं बांधायचं, असं सहा पाकिटांपर्यंत गेलं. रोज सकाळी अक्का गच्चीवर जुनी चादर अंथरून पालथ्या झोपत, आणि समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर चिकटवलेल्या माझ्या टिकलीवर तासभर नेम धरून पडत. गोळी नाही, आवाज नाही, काही नाही. दर दीड-दोन मिनिटांनी न्हाणीघराची कडी खट्ट वाजायची, एवढंच.

तेलकट चटणी, वर सोलापूरचं ऊन. मुंग्या लागायच्या त्या लागल्याच. एके दिवशी मी पापडाचं पीठ घेऊन वर गेले तर मुंग्यांची रांग लाकडावरून अक्कांच्या हातावर, हातावरून दंडावर आणि तिथून गळ्यापाशी गेलेली. मी ओरडणार तेवढ्यात त्यांच्या डाव्या हाताचं एक बोट जरासं हललं, थांब म्हणून. एक मुंगी त्यांच्या पापणीच्या कडेनं चालत गेली. पापणी हलली नाही. त्यांचा श्वास आत गेला, बाहेर आला, अर्ध्यात थांबला, आणि चापाच्या जागी ठोकलेल्या खिळ्यावर बोट सावकाश मागं आलं. मग कडी वाजली. मग त्या उठल्या आणि पदरानं मुंग्या झटकत म्हणाल्या की गोळी गेली असती नेमकी मधी. मी पिठाचं पातेलं तिथंच ठेवून खाली आले. या घरात मी वीस वर्षं ज्या बाईला हसत आले ती कोण आहे, हे मला नीट माहीतच नाही, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

समोरच्या इमारतीतल्या कुणीतरी तक्रार केली, ते साहजिकच होतं. एक हवालदार गच्चीवर आले. अक्कांनी त्यांना लायसन्सचा अर्ज दाखवला, चटणीची पाकिटं दाखवली, आणि मग चादरीवर झोपून बघा म्हणाल्या. हवालदार झोपले. अक्कांनी त्यांचं डावं कोपर बंदुकीच्या बरोबर खाली सरकवलं आणि सांगितलं, हितं ठेवा, म्हंजे हाडावर वजन येतं, मांसावर न्हाय. हवालदार जाताना जिन्यात तेच कोपर दुमडून बघत होते. एवढ्या सगळ्यात अक्कांची एकच तक्रार असायची. उजव्या डोळ्यानं नेम धरला की डावा डोळा मधे येतो. त्यांनी चष्म्याच्या डाव्या काचेवर काळं फडकं चिकटवलं होतं. “हा डोळा लई आगाऊ हाय,” म्हणायच्या, आणि तासाभरानं त्या डोळ्यातून पाणी यायचं. आम्हाला वाटायचं वयानं येत असेल.

लायसन्स हातात आलं आणि रायफल ठरवायला आम्ही दोघी पुण्याला निघालो. लाकडी रायफल बरोबर, दोन चादरींत गुंडाळलेली. गाडीत समोरच्या बाईंनी विचारलं की भजनाला निघालात का, हा कुठला तंबोरा? अक्का हो म्हणाल्या. केम आलं तसं मी सवयीनं खिडकीतून माहेरच्या दिशेला हात केला, अक्कांनी मात्र खिडकीबाहेर बघितलंसुद्धा नाही. मांडीवरच्या त्या गुंडाळीवर हात ठेवून त्या सरळ बसून होत्या. मला एकदम जाणवलं की बाई घाबरल्यात.

दुकानदार सत्तरीचे, पांढऱ्या मिशांचे, आणि माझ्या दुर्दैवानं अक्कांपेक्षाही सावकाश. दोन सावकाश माणसं एकमेकांना भेटली की तिसऱ्यानं काय करावं, हे मला त्या दिवशी कळलं. तिसऱ्यानं झोप काढावी. मी जागी झाले तेव्हा दुकानदारांनी लाकडी रायफल टेबलावर ठेवून तिची पट्टीनं मापं घेतली होती आणि ते तिच्याकडं असे बघत होते की जणू कुणी त्यांना सुनेचा पहिला स्वयंपाक वाढला आहे. म्हणाले, चाळीस वर्षांत असं गिऱ्हाईक बघितलं नाही, चटणी कुठली आहे? मग त्यांनी त्याच मापाची खरी रायफल आणून अक्कांच्या हातात दिली. अक्का जमिनीवरच्या गादीवर झोपल्या. खांदा बसला, गाल बसला, कोपर बसलं. मापात काडीचाही फरक नव्हता. मला इतका आनंद झाला की मी पर्स उघडून पेढे कुठं मिळतील ते विचारायला लागले.

दुकानदार मात्र खाली वाकून अक्कांच्या चेहऱ्याकडं बघत होते. चष्म्यावरचं फडकं कशाला, म्हणाले. अक्कांनी सांगितलं. त्यांनी अक्कांना उभं केलं, दोन्ही हात लांब करून तळव्यांचा एक झरोका करायला लावला आणि त्यातून दोन्ही डोळे उघडे ठेवून समोर उभ्या दुकानदारांच्या नाकाकडं बघायला सांगितलं. त्या झरोक्यातून पलीकडून त्यांना अक्कांचा डावा डोळा दिसला. परत करायला लावलं. डावाच. तिसऱ्यांदाही डावाच. मग ते खुर्चीत बसले आणि हळूच म्हणाले, “ताई, तुमचा नेमाचा डोळा डावा आहे. तुम्ही डावखुऱ्या असणार. ही रायफल तुमच्या मापाची आहे, पण तुमच्या बाजूची नाही.” फ्रिजचं दार कुठल्या बाजूला उघडावं याचा दीड महिना विचार करणारी आमची बाई, आणि ती स्वतः कुठल्या बाजूची आहे हे साठ वर्षांत तिला कुणी विचारलंच नव्हतं.

दुकानदारांनी आतून दुसरी रायफल आणली. सगळं तेच, फक्त उलटं. बोल्ट डावीकडं, गालाची पट्टी दुसऱ्या बाजूला. अक्कांनी हात मागं घेतले. “डावा हात चालत न्हाय आमच्यात,” म्हणाल्या. मी काहीतरी बोलायला गेले, पण त्या माझ्याशी नाही, टेबलावरच्या त्या लाकडी रायफलीशी बोलल्यासारख्या बोलत होत्या. दुधनीला पहिलीत असताना त्या डाव्या हातानं लिहायच्या. अव्वा आधी रागावल्या, मग बोटांना मिरची लावली, आणि तरी हात ऐकेना तेव्हा जुन्या इरकली साडीची पट्टी फाडून डावा हात कमरेला बांधला. शाळेत तशाच जायच्या. दिवाळीपर्यंत. मग उजवा चालायला लागला आणि डाव्याचं नाव घरात कुणी काढलं नाही. “राग न्हाय तिच्यावर,” अक्का म्हणाल्या. “डाव्या हाताची पोरगी कोण करून घेईल, ही भीती हुती तिला.” आणि जरा हसून म्हणाल्या, “तसं बी कुणी घेतली न्हाय की.”

दुकानदारांनी नुसती ती रायफल गादीवर ठेवली आणि बाजूला झाले. अक्का बऱ्याच वेळानं खाली झोपल्या. चष्म्यावरचं फडकं त्यांनी काढून टाकलं. रायफल डाव्या खांद्याला लागली, डावा गाल पट्टीवर आला, आणि मी बघतच राहिले. मुंग्यांच्या दिवशी त्या हलत नव्हत्या, पण तेव्हा त्या स्वतःला धरून ठेवत होत्या. आता धरलेलं काहीच नव्हतं. पाठ सैल, कपाळावर आठी नाही, दोन्ही डोळे उघडे. दोन मिनिटं झाली असतील. कुकरला सात महिने घेणारी बाई दोन मिनिटांत उठून बसली आणि म्हणाली, “ही.” आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवलाच नव्हता.

घरी आल्यावर मी आपलं तोंड बंद ठेवायला हवं होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा स्वभाव. जेवताना मी सगळं सांगून टाकलं, झरोका, डोळा, पट्टी, सगळं. अव्वांचं वय तेव्हा ब्याऐंशी. त्यांनी हातातली कडक भाकरी मोडली, मोडलेले तुकडे तसेच ताटात ठेवले, आणि हात धुवून आत गेल्या. अक्कांनी मला नजरेनंच असं झापलं की मी दोन दिवस त्यांच्यासमोर आले नाही.

दुकानदारांनी बजावून ठेवलं होतं की चापावर आता डाव्या हाताचं बोट येणार, तेव्हा त्या बोटाला रोज काम द्या, लिहा, वेचा, विणा. अक्कांनी ते वेदवाक्य मानलं. डाव्या हातानं त्या तांदूळ निवडायच्या, डाव्या हातानं वेणी घालायच्या, रांगोळी काढायच्या. भाकरी थापायला घेतली तेव्हा ती परातीतून उडून माझ्या पायावर पडली. जेवण तेवढं उजव्या हातानं, ते मात्र त्यांनी सोडलं नाही. आणि अक्कांनी डाव्या हातात काही घेतलं की अव्वा भिंतीकडं तोंड करून बसायच्या. मला वाटायचं, अजून हिचा हट्ट गेला नाही. मनातल्या मनात मी अव्वांशी पुष्कळ भांडले, आणि मला येतं तेवढ्या कानडीत भांडले. खरी रायफल कुलपाच्या कपाटात अव्वांच्या इरकलींच्या खालच्या कप्प्यात गेली. लाकडीची पाकिटं सोडली, कडी न्हाणीघराला परत लावली, आणि ती अव्वा गच्चीत कुरडयांवरची कबुतरं हाकायला वापरायला लागल्या.

राज्याच्या स्पर्धेला निघालो त्या सकाळी अक्का अव्वांच्या पाया पडल्या आणि दह्यासाठी हात पुढं केला. सवयीनं डावा आला. अव्वांनी चमचा वरच थांबवला आणि म्हणाल्या, “उजवा.” अक्कांनी मुकाट्यानं हात बदलला, दही खाल्लं आणि निघाल्या. मला इतका राग आला की मी पाया न पडताच जिना उतरले.

स्पर्धेचं काय सांगावं? विशीतली पोरं-पोरी, ताठ जाकिटं, आणि त्यांच्यामधे आमच्या अक्का, जाकिटाखाली साडी पायाभोवती घट्ट पिनांनी लावलेली. साठ गोळ्या, आणि वेळ ठरलेला. शेजारच्या पोरीनं चाळीस मारल्या तेव्हा अक्कांच्या पंचवीस झाल्या होत्या, कारण वाऱ्याचं निशाण फडफडलं की अक्का थांबायच्या. निशाण पडलं की एक मारायच्या, पुन्हा थांबायच्या. मी मागं बाकावर देव पाण्यात घालून बसले होते. पण जिला थांबायला येतं तिला वारा काय करणार? दुपारी वारा सुटला, घाईतल्या पोरांच्या गोळ्या कुठच्या कुठं गेल्या, आणि अक्कांची साठावी गोळी वेळ संपायला अर्धं मिनिट असताना सुटली. चाळीसजणींत सतराव्या आल्या. पदक नाही, पण पुढच्या फेरीला नाव लागलं. सर म्हणाले, अक्का, आता तीनशे मीटरचं बघू. अक्का म्हणाल्या, बघू की, घाई काय हाय. मी तिथं, सगळ्यांसमोर, त्यांच्या पाया पडले. लग्नानंतर पहिल्यांदा कुणी न सांगता.

घरी आलो तेव्हा अव्वा दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. अक्कांनी पिशवीतून आदल्या दिवशीच्या सरावाचा कागद काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. मधल्या काळ्या गोलात सगळी भोकं एकमेकांत मिसळून एकच मोठं भोक झालं होतं. सरावाच्या कागदावर ज्यानं त्यानं आपलं नाव लिहायचं असतं. अक्कांनी ते डाव्या हातानं लिहिलं होतं. मीही ते तेव्हाच पहिल्यांदा नीट बघितलं. उजव्या हाताचं अक्कांचं अक्षर छापल्यासारखं आहे. हे मात्र पहिलीतल्या पोरीचं होतं, मोठंमोठं, ओळ सोडून खाली घसरलेलं, काना कुठं, मात्रा कुठं. तो हात जिथं बांधला गेला तिथंच थांबला होता, आणि सहा वर्षांचाच राहिला होता.

अव्वांनी भोकाकडं बघितलंच नाही. चष्मा वर केला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि त्या नावावरून बोट फिरवत राहिल्या, एकेक अक्षर. आता काही बोलल्या तर मीही गप्प बसणार नव्हते. पण त्यांचं बोट शेवटच्या अक्षरावरून पुन्हा पहिल्यावर आलं, आणि इतके दिवस त्या भिंतीकडं तोंड करून बसायच्या ते रागानं नव्हे, हे मला त्या क्षणी कळलं.

“अक्षर सुधारंल,” अव्वा म्हणाल्या. “सावकाश काढ. मी बसती हितं.”

अक्कांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं, अव्वांच्या पायाशी फरशीवर मांडी घातली, पेन डाव्या हातात धरलं, आणि साठ वर्षांची ती बाई आईसमोर बसून आपलं नाव पुन्हा पहिल्यापासून काढायला लागली.